तुमच्या आठवणींत पैसे कुठे आहेत?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार.

येत्या डिसेंबरात मला 75 वर्षं पूर्ण होतील. जन्म कापड बाजारात कारकुनी करण्यात गेला. आता डोंबिवलीला मुलगा-सुनेकडे असतो. पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली.

मध्यंतरी एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला नागपाड्याला गेलो होतो. येताना मुद्दाम फोरास रोडवरून चालत आलो. ओळखीचं काही उरलेलं नाही. ज्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मसाज पार्लर होतं, तिथे आता बॅगा शिवायचा कारखाना आहे. 1976 ते 87 मी तिथे जात असे. लग्न 79 साली झालं, पण गिरगावातल्या एका खोलीत आम्ही नऊ माणसं, त्यामुळे बायको 85 पर्यंत गावीच होती. ती पावडर, तो विविध भारतीचा आवाज, खालच्या इराण्याकडून येणारा चहा, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. तिथे एक बाई होती. नाव रेखा सांगायची, खरं नसणार. निपाणीकडची. तिला लिहिता येत नसे, म्हणून आईला पाठवायच्या मनीऑर्डरचा फॉर्म मी भरून द्यायचो. तो पत्ता मला अजून पाठ आहे.

या आठवणी मी शाळासोबत्यांच्या ग्रुपवर तीन भागांत लिहिल्या. मित्रांना फार आवडल्या, 'पुस्तिका काढ' म्हणाले. पंचाहत्तरीच्या कार्यक्रमात वाटावी म्हणून छापखान्यात आगाऊ रक्कमही दिली. पण तिसरा भाग चुकून घरच्या ग्रुपवर गेला. त्या ग्रुपवर माझी कॉलेजात जाणारी नातही आहे. सून बोलेनाशी झाली आहे. मुलगा एवढंच म्हणाला, "आईला माहीत होतं का?"

या वयात असल्या आठवणी येणं ही विकृती आहे का? पुस्तिका काढू की नको? आणि रेखाच्या गावी जाऊन चौकशी करू का? असेल तर तीही सत्तरीच्या आसपास असेल. तिला काही मदत करावी असं मनात आहे. तिन्ही भाग सोबत जोडले आहेत.

– एक जुना गिरगावकर

उत्तर

नमस्कार.

तिन्ही भाग वाचले. (तुमचं पत्र वर थोडं कापून छापलंय.) तुमचा हात लिहिता आहे हे आधी सांगते. जिन्याची तिसरी पायरी मोडकी होती म्हणून नवखा माणूस तिथे हमखास अडखळायचा आणि वरच्या बायकांना त्यावरून कळायचं की हा पहिल्यांदाच येतोय, हे मी कुठे वाचलेलं नव्हतं. तेलाची वाटी स्टोव्हवर न ठेवता गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचे, कारण मालकाला रॉकेलचा खर्च नको असायचा, हेही तसंच. अशा गोष्टी तिथे गेलेल्या माणसालाच ठाऊक असतात.

पण तीन भागांत मिळून मला एक गोष्ट सापडली नाही. पैसे. तुम्ही अकरा वर्षं तिथे जात होतात. दर वेळी किती दिलेत? कोणाच्या हातात दिलेत? दाराशी टेबल टाकून बसलेला जो 'शेट्टीसारखा दिसणारा' माणूस तुमच्या पहिल्या भागात एका वाक्यापुरता येतो, त्याच्याकडे? त्यातले रेखाला किती मिळायचे? पुस्तिकेतल्या चहाची किंमत तुम्हाला आठवते, टॅक्सीचं भाडं आठवतं, रेखाने आईला पाठवलेली मनीऑर्डर शंभराची होती हेही आठवतं. म्हणजे तुमच्या लिखाणात पैसा तिच्या हातून बाहेर जाताना दिसतो, तिच्याकडे येताना कुठेच दिसत नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं, ती बाई आपखुशीने तुमची पाठ रगडत होती आणि विविध भारती ऐकत होती.

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला या एका गळलेल्या गोष्टीपाशीच दिसतात. म्हणून थोडं लांबण लावते.

पहिलं, विकृतीचं. नाही, विकृती नाही. एका खोलीत नऊ माणसं, बायको कोकणात सासूसासऱ्यांजवळ, वय पंचविशीचं. गिरणगावापासून गिरगावापर्यंत अर्धी मुंबई अशीच एकट्या पुरुषांची होती. खानावळीत जेवायचं, चाळीच्या गॅलरीत वळकटी टाकायची आणि गणपतीला, शिमग्याला गावी जाऊन संसार करून यायचा. अशा माणसाच्या अंगाला महिनोन्‌महिने कोणाचा हात लागत नाही. आता पत्नी गेल्यावर पुन्हा तेच झालंय. ज्या दिवसांत कोणीतरी खांद्यावरून हात फिरवत होतं ते दिवस मनात येणारच. तुम्हाला आठवतोय तो त्या वेळचा तुमचा खांदाही असेल, जो दुखत नव्हता.

मात्र त्या पार्लरची आठवण आणि त्या पार्लरची गोष्ट यांत फरक करा. आठवण तुमची एकट्याची आहे, ती कशीही येऊ द्या. गोष्ट कागदावर उतरवून हॉलमध्ये वाटायची म्हटली की तिच्यात बाकीची माणसंही आली.

मी खेतवाडीत वाढले. तुम्ही ज्या रस्त्यावर 'मोकळा श्वास' घेतलात असं दुसऱ्या भागात म्हणता, त्या रस्त्यावर आम्हा मुलींना पाऊल टाकायची बंदी होती. ग्रँट रोड स्टेशनला जायचं तर लॅमिंग्टन रोडने जायचं. आल्फ्रेड थिएटरच्या अंगाला वळायचं नाही, कोणी विचारलं तर 'घाई आहे' म्हणायचं. त्यामुळे पिला हाऊसचा, म्हणजे तिथल्या थिएटरवस्तीचा, तो सगळा झगमगाट, ओळीने उभी असलेली थिएटरं, कबाबचा धूर हे मी ऐकूनच आहे. एकच रस्ता तुम्हाला खुला होता आणि आम्हाला बंद, आणि त्यावरच्या पिंजऱ्यांत बसलेल्या बायकांना तो कसा होता हे आपल्या दोघांनाही त्यांनी सांगितल्याशिवाय कळायचं नाही. त्या रस्त्याला, फॉकलंड रोडला, आता पठ्ठे बापूराव मार्ग म्हणतात. रेठऱ्याचा हा कुलकर्णी वतन सोडून तमाशात आला, पवळा या तमासगिरिणीबरोबर फड गाजवला, म्हणून त्यांचं नाव रस्त्याला मिळालं. योग्यच झालं. पवळाचं नाव मात्र त्या रस्त्यावर कुठे नाही. तुमच्या पुस्तिकेचंही असंच काहीसं होतंय, म्हणून आठवलं.

त्या वस्तीचा हिशेब कसा चालायचा हे थोडं सांगते, कारण तुमच्या पत्रात 'त्या काळी सगळे एका कुटुंबासारखे होते' असं एक वाक्य आहे. कामाठीपुरा हे नाव मुळात निजामाच्या मुलखातून आलेल्या कामाठी मजुरांवरून पडलं. बेटं जोडायची, रस्ते आणि इमारती बांधायच्या म्हणून ते आले आणि राहिले. त्यांच्या तेलुगू बोलणाऱ्या पिढ्या, त्यांची देवळं अजून त्या गल्ल्यांत आहेत. इंग्रजांच्या काळात तिथे धंद्याची वस्ती वाढली. शुक्लाजी स्ट्रीटला 'सफेद गल्ली' म्हणायचे, कारण तिथे युरोपातून आणलेल्या बायका बसत. 1917 साली शेजारच्या डंकन रोडवर, म्हणजे आजच्या मौलाना आझाद रोडवर, अकूताई नावाच्या बाईचा खून झाला. ती कोठ्यातून पळून जायला बघत होती म्हणून कोठेवाल्यांनी तिचे हाल हाल करून तिला मारलं. खटला उभा राहिला तेव्हा आतला कारभार शहरापुढे आला. अंगावर कर्ज, कर्जावर व्याज, मिळकत मालकाच्या हातात आणि दारावर पहारा. पुढे 1923 साली मुंबई सरकारने वेश्याव्यवसायाविरुद्धचा जो कायदा केला, त्यामागे या प्रकरणाने उठलेला गदारोळ होता.

तुम्ही जात होतात तो काळ साठ वर्षांनंतरचा. पण घरवालीकडे, म्हणजे कोठा चालवणाऱ्या बाईकडे, किंवा मालकाकडे अर्धी मिळकत जाणं, आधी उचल देऊन मग ती फिटेपर्यंत बाईला बाहेर पडू न देणं, हे तेव्हाही चालू होतं. निपाणी-बेळगाव पट्ट्यातून मुंबईत आलेल्या कितीतरी मुली सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या असत. देवदासीबंदीचा कायदा मुंबई इलाख्यात 1934 मध्येच झाला होता आणि कर्नाटकाने 1982 मध्ये पुन्हा केला, म्हणजे पहिल्याने भागलं नव्हतं. तुमच्या पहिल्या भागात रेखाच्या पावडरच्या डब्यामागे 'कुठल्याशा देवीचा फोटो' आहे. ती देवी कोणती ते तुम्ही विचारलं नाहीत.

आणि तरी तिला बिचारी म्हणून रंगवा असं मी मुळीच म्हणत नाही. तशी पुस्तिका याहून वाईट होईल.

त्या जगातल्या बायकांनी स्वतः जे सांगितलंय ते एका साच्याचं नाही. फेब्रुवारी 1996 मध्ये मुंबईत मोठ्या धाडी पडल्या आणि चारशेहून अधिक मुली बाहेर काढल्या गेल्या. त्यांत नेपाळच्या पुष्कळ होत्या. त्यांचं सरकार त्यांना परत घ्यायलाच तयार नव्हतं, त्यामुळे कित्येक महिने त्या इथल्या सुधारगृहांत अडकून पडल्या. परत गेलेल्यांतल्या काहींनी त्याच वर्षी काठमांडूला 'शक्ती समूह' ही संस्था काढली आणि विकल्या जाणाऱ्या मुलींसाठी काम सुरू केलं. 2013 साली त्या संस्थेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच 1996 मध्ये सांगलीत 'संग्राम' संस्थेच्या कामातून 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. या बायका स्वतःला बळी म्हणवून घेत नाहीत. त्या सांगतात, आम्ही धंदा करतो, मुलंबाळं वाढवतो, आम्हाला पोलिसांच्या धाडी नकोत आणि तुमची दयाही नको. एकीकडे धाडीने सुटलेल्या, दुसरीकडे धाडींनाच विरोध करणाऱ्या. दोघींचंही खरं आहे. या दोन्ही तऱ्हांच्या बायकांना पैशाचा हिशेब मात्र तोंडपाठ असतो. कोणी घेतले, किती घेतले, किती राहिले. तुमच्या लिखाणात नेमकं तेच नाही, म्हणून ते मला खरं वाटेना.

आता एक नाजूक गोष्ट. तुम्ही तिन्ही भाग पाठवलेत म्हणून ताडून बघता आले. पहिल्या भागात गणपतीच्या आदल्या दिवसाचं वर्णन आहे. पाऊस पडतोय, तुम्ही ओले होऊन वर गेलात, रेखाने टॉवेल दिला, आणि तिच्या उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली होती. 'कपाट लागलं' म्हणाली आणि डाव्या हाताने मालिश केलं. तिसऱ्या भागात तोच पाऊस, तोच टॉवेल पुन्हा आलाय, जास्त रंगवून आलाय. पट्टी गेली. डावा हातही गेला. मधल्या काळात ग्रुपवर मित्रांचे अंगठे आणि बदाम पडले होते, 'अजून येऊ दे' असे निरोप आले होते. तुम्ही मुद्दाम खोटं लिहिलंत असं मला वाटत नाही. टाळ्यांच्या मागे जाताना माणूस नकळत असं काहीबाही गाळतो. पुस्तिका तिसऱ्या भागावरून छापली जाणार असेल तर ती पट्टी कायमची गेली.

दुसरी गाळलेली जागा 87 सालची. 'त्यानंतर जाणं सुटलं' एवढंच लिहिलंत. बायको 85 मध्ये मुंबईला आली, हे एक कारण असेल. पण मधली दोन वर्षं तुम्ही जात होतातच, म्हणून विचारते. 1986 साली मद्रासमध्ये एचआयव्हीची देशातली पहिली नोंद झाली आणि मग मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज काहीतरी येऊ लागलं. घाबरून जाणं बंद केलेले पुरुष तेव्हा खूप होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते लिहा. तुम्हाला थांबता आलं, रेखाला तसं थांबता येणार नव्हतं. नव्वदीच्या दशकात मुंबईत धंदा करणाऱ्या बायकांतलं लागणीचं प्रमाण निम्म्याच्या घरात गेलं होतं आणि सरकारी मोफत औषधं सुरू झाली ती 2004 मध्ये. मधल्या वर्षांत त्या गल्ल्यांत काय झालं असेल याचा अंदाज करा. 'मोबाइल आला आणि सगळं संपलं' हे तुमचं निदान त्यामुळे मला अपुरं वाटतं. कामाठीपुऱ्यात 1992 साली 50,000 बायका होत्या आणि 2009 मध्ये 1,600 उरल्या, असे पालिकेचे म्हणून आकडे नेहमी छापून येतात. पहिला आकडा मला जरा फुगलेला वाटतो, पण ओसरण्याबद्दल वाद नाही. आजाराने, धाडींनी, मग जागेच्या भावाने ती वस्ती रिकामी होत गेली. बॅगा शिवणारे, जरीकाम करणारे आले. बायका भिवंडी, तुर्भे, मीरा रोडकडे पांगल्या. आता म्हाडा त्या गल्ल्यांचा समूह पुनर्विकास करायला निघाली आहे, 900हून अधिक उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती त्यात आहेत.

(जाता जाता: एवढ्या वर्षांत एचआयव्हीची तपासणी कधीच केली नसेल तर एकदा करून घ्या. सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि नाव गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. आज काही निघण्याचा संभव कमी, पण मुलाने उद्या विचारलं तर उत्तर हातात असलेलं बरं.)

आता पुस्तिका. लिहा, जरूर लिहा, पण या पंचाहत्तरीला वाटू नका. आधी पहिला भाग समोर ठेवा आणि तिसरा बाजूला. पट्टी परत आणा. प्रत्येक भेटीत पाकिटातून किती नोटा काढल्यात, कोणाला दिल्यात, रेखाला वेगळे काही दिलेत का, ते आठवेल तसं लिहा. आकडा आठवत नसेल तर पगाराच्या हिशेबात आठवून बघा. तुमचा पगार काय होता आणि महिन्याला त्यातले किती तिथे जात होते? गावी बायकोला किती पाठवत होतात? हे दोन आकडे एका पानावर आले की ते पान लिहायला जड जाईल. लिहा.

दुसरं, ओळख पुसा. रेखा हे खोटं नाव असलं तरी निपाणी खरी आहे, मनीऑर्डरचा पत्ता खरा आहे, ओठावरचा तीळ खरा आहे. गाव, खूण, इमारतीचं नाव, मजला काढून टाका. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये या बायकांच्या सन्मानाने जगण्याच्या हक्काबद्दल जे निर्देश दिले, त्यांत माध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये हेही आहे. तुमची पुस्तिका म्हणजे वर्तमानपत्र नव्हे हे मान्य, पण हॉलमधल्या दीडशे लोकांच्या फोनवरून ती कुठे जाईल हे घरच्या ग्रुपचा अनुभव घेतलेल्या माणसाला मी काय सांगावं?

शिवाय त्या इमारतींत आजही कुटुंबं राहतात. कामाठीपुऱ्यातली मुलं मुलाखतीला गेली की पत्त्यात मुंबई सेंट्रल किंवा नागपाडा लिहितात, खरा पत्ता सांगितला की समोरच्याचा चेहरा बदलतो म्हणून. तुमच्या 'रंगीन गल्ल्यां'चा भार त्यांच्या डोक्यावर आहे. त्या वस्तीतलं दुसरं काही लिहायचं असेल तर खूप आहे. 1988 पासून 'प्रेरणा' संस्थेने तिथे रात्रीचं पाळणाघर चालवलं, आई धंद्यावर असताना मुलांना झोपायला, अभ्यासाला जागा असावी म्हणून. तुम्ही 87 मध्ये जिना उतरलात त्याच्या पुढच्याच वर्षी.

मुलाबद्दल. "आईला माहीत होतं का?" या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलंत ते लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा दिलं नाहीत. पत्रात एके ठिकाणी 'ती बिचारी शेवटपर्यंत अनभिज्ञ होती' असं आहे. हे वाक्य मुलापुढे बोलू नका. ते खरं आहे की नाही हे तुम्हाला माहीत नाही. नवरा काय करतो हे बायकोला कळत नाही, असं समजणारे पुरुष मी खूप पाहिलेत. तशी एकही बायको अजून पाहिलेली नाही. मुलाला सांगा, "मी तिला सांगितलं नाही. तिला कळलं होतं का ते मला माहीत नाही." मग गप्प बसा, त्याला बोलू द्या. तो आईची बाजू घेईल, सहा वर्षं ती गावी चुलीपुढे होती याचा हिशेब मांडेल. त्यावर 'तेव्हा सगळेच तसे होते' म्हणू नका, खरं असलं तरी. त्याच्या दृष्टीने सगळे नव्हते, तुम्ही होतात.

सुनेचा राग वेगळा आहे. तुम्ही चाळीस वर्षांपूर्वी काय केलंत याचा जाब ती मागत असेल असं मला वाटत नाही. तिच्या मुलीच्या फोनवर आजोबांनी लिहिलेलं ते वर्णन आलं, आणि तुम्ही अजून 'चुकून गेलं' यावरच आहात. तिची माफी मागा, आणि नातीचीही, वेगळी. फार बोलू नका. 'तू वाचावंस असं ते नव्हतं, आणि मी लिहिलं होतं तेही धड नव्हतं' एवढं पुरे.

निपाणीला जाऊ नका. याबाबत मला शंका नाही.

तुमचा हेतू चांगला आहे, मदतीची इच्छा खरी आहे, सगळं मानते. पण ती मनीऑर्डर आठवा. फॉर्मच्या खालच्या भागात निरोपाची जागा असायची, तिथे ती तुम्हाला काय लिहायला सांगायची? तुम्हीच पहिल्या भागात दिलंय: 'दवाखान्यात काम चांगलं चाललं आहे, काळजी नसावी.' गावात ती दवाखान्यात कामाला होती. ती परत गेली असेल तर त्या दवाखान्याच्या आधारावर गेली असेल. भाच्यांची लग्नं, भाऊबंदांत ऊठबस, सगळं त्यावर उभं असेल. आणि एक दिवस डोंबिवलीहून एक म्हातारे गृहस्थ स्टँडवर उतरून पारावर तिची चौकशी करणार. 'कोण तुम्ही? कुठली ओळख?' तुम्ही काय सांगाल? दवाखान्याचं खोटं तुम्हाला नीट सांगता येणार नाही, कारण कोणत्या दवाखान्याचं ते तुम्हाला माहीत नाही. आणि ती परत गेलीच नसेल, तर तिच्या घरच्यांना तुम्ही नवीन काय दुःख देणार आहात, याचाही विचार करा. तिने तुम्हाला पत्ता दिला तो फॉर्मवर लिहायला. यायला दिला नव्हता.

पोस्टाने, फोनने, कोणा मध्यस्थाच्या हातीही चौकशी नको. मदत करायची तर मुंबईत किंवा सांगलीत या बायकांबरोबर आणि त्यांच्या मुलांबरोबर काम करणाऱ्या संस्थांना पैसे द्या, पावती घ्या, कोणाच्या स्मरणार्थ ते लिहू नका, आणि 'एकदा येऊन बघू का' असं विचारू नका. किती द्यायचे हे मला विचारू नका. अकरा वर्षांचा जो आकडा तुम्ही त्या पानावर मांडणार आहात, तो आला की तुम्हालाच सुचेल.

आणि तुमच्या एकटेपणाचं. पत्राच्या शेवटी तुम्ही गुडघ्यांचं आणि झोप न लागण्याचं लिहिलंय, ते मी वर छापलं नाही. घरी येऊन तेल लावणारा चांगला माणूस डोंबिवलीत मिळतो, फिजिओथेरपिस्टही मिळतात. अंगाला हात लागावा यात ओशाळण्यासारखं काही नाही. सोबत हवीशी वाटत असेल तर तेही उघड बोला. पुण्यात ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळ आहे, तिथे तुमच्या वयाची माणसं रीतसर नाव नोंदवतात. मुलाशी आधीचं बोलणं पुरं झाल्याशिवाय मात्र हा विषय काढू नका, दोन्ही एकत्र त्याच्या पचनी पडायचे नाहीत.

छापखान्याला उद्याच फोन करून काम थांबवा. आगाऊ दिलेले बुडाले तर बुडू द्या. शाळासोबत्यांच्या ग्रुपवर चौथा भाग मागतील, त्यांना पट्टीवाला पाठवा आणि किती बदाम येतात ते मला कळवा.